शब्दांच्या शेपट्या

हायफाँग बंदराच्या मागे, टायरच्या दुकानावर,
एका खोलीत मी इंग्रजी शिकवतो.
खालून रबराचा वास, वर फडफडणारी ट्यूब,
आणि सात जण बसून शब्दांच्या शेपट्या तोडतात.

आमची जीभच तशी. शब्दाचं टोक
ती ओठांआड ठेवून घेते, बाहेर सांडू देत नाही.
लाइफ, लाइक, लाइट,
तिघांचं मिळून एकच होतं: लाय.
आणि लाय म्हणजे खोटं, मी फळ्यावर लिहितो.
आयुष्याची शेपटी गळली की खोटं उरतं,
लक्षात ठेवा.
क्रेनवाला तुओंग हे वहीत उतरवून घेतो,
खाली दोन रेघा मारतो.
मला वाटलं होतं, हसेल.

त्यातून इकडच्या गावांत ल काय आणि न काय, सारखंच.
थोआ रोज सगळ्यांच्या आधी येते,
अंधारात जिना चढते
आणि म्हणते, "सर, नाइट लावा,"
तोही शेवटच्या ट शिवाय.
मी लावतो.

थोआ गोदीच्या कँटीनमध्ये भात शिजवते.
तिला वजनकाट्यावर नोकरी हवी आहे.
तिथे खुर्ची आहे, पंखा आहे,
आणि फोनवर परदेशी एजंट असतात,
त्यांना विचारावं लागतं: किती टन, कुठून, सही कुणाची.
त्यासाठी परीक्षा. परीक्षेत निबंध.

मी तोंडासमोर कागदाची पट्टी धरायला लावतो.
टोकाचा ट उमटला तर पट्टी हलेल.
आठवडाभर ती पट्टी ॲप्रनच्या खिशात घेऊन हिंडली.
"भाताच्या वाफेवरही हलते, सर.
मग कळायचं कसं, मी बोलले की भात?"

पहिला निबंध, विषय माझं घर.
तेव्हा तिच्याजवळ दोनशे बारा शब्द होते, मोजून ठेवलेले.
"नवरा ट्रक चालव. नवरा घर ये. बोल नाही.
मी भात दे. तो जेव. तो झोप.
रात्र फ्रिज बोल. मी ऐक.
फ्रिज चांगला."

मी लाल शाईनं क्रियापदांना शेपट्या लावल्या,
एस, एस, पाच ठिकाणी एस.
फ्रिज बोलत नाही, आवाज करतो,
हेही समासात लिहिलं.
दहापैकी तीन.

मग शब्द येत गेले. रोज दहा,
सिगारेटच्या पाकिटांच्या पुठ्ठ्यांवर.
कांदा चिरताना हाउएव्हर,
भांडी घासताना मोरओव्हर,
पाळीचा भोंगा वाजला की इन कन्क्लूजन.

नवव्या महिन्यात दुसरा निबंध, विषय तोच.
"माझे घर म्हणजे शांततेचे नंदनवन आहे.
शिवाय, माझे पती हे माझ्या प्रगतीचे आधारस्तंभ आहेत.
तथापि, सुख हे शेवटी मानण्यावर असते."
एकही शेपटी सुटलेली नाही.
मी दिव्याखाली पान धरून चूक शोधत राहिलो.
साडेआठ दिले.
दीड कशाचा कापला, तिनं विचारलं नाही.

दोनशे बारा शब्दांत खोटं मावत नसावं.
की खरंही मावलं नव्हतं,
आणि ते मीच भरून वाचलं?
एकोणीस वर्षं शिकवतोय. घरी माझाही फ्रिज आहे.
त्याच्याविषयी मी आजवर
कुठल्याच भाषेत एक वाक्य लिहिलेलं नाही.

ती पास झाली. आता काट्यावर बसते.
परवा तिचा फोन आला, मागे ट्रकांची घरघर.
"सर, ऐका," म्हणाली आणि थांबली,
मग म्हणाली, लाइट.
ल चा ल, आणि टोकाचा ट असा खणखणीत
की माझा हात आपोआप पट्टी शोधू लागला.

खाली दुकानात कुणी टायरची हवा सोडत होतं,
लांबलचक, न संपणारा एस.
मी विचारलं, इंग्रजीतच, घरी कसं आहे?
"फाइन," ती म्हणाली.
या शब्दावर आमची जीभ
कधीच अडखळत नाही.